फर्मा : आकार लक्षात ठेवणारी फळी

काही वर्षांपूर्वी आमच्या नाशिकच्या शाळेत नववीच्या मुलांनी कार्यानुभवाच्या तासाला वाढायच्या लाकडी फळ्या करायचे ठरवले. आकार कोयरीचा. मध्ये चटणीची स्टीलची वाटी काठावर अडकून बसेल असे गोल भोक. एकूण फळ्या २४. आखायचे आणि घासायचे काम मुलांचे, कापून द्यायचे काम शेजारच्या सुताराचे.

पहिली फळी फार सुरेख झाली. तिच्यावरून पेन्सिल फिरवून मुलांनी दुसरी आखली. तोवर पहिली पॉलिशला गेली, म्हणून तिसरी दुसऱ्यावरून आखली, चौथी तिसऱ्यावरून. शेवटी सगळ्या फळ्या टेबलावर मांडल्या तेव्हा चोविसावी फळी पहिलीपेक्षा चांगली बोटभर रुंद निघाली. आणि गंमत अशी, की फळी मोठी झाली होती, पण तिचे भोक मात्र लहान झाले होते. वाटी आत शिरेचना!

एका विद्यार्थ्याचे वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करत. त्यांना फळ्या दाखवल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “सर, यातला मूळ नग कोणता?” आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. ते म्हणाले, “आमच्याकडे नगावरून नग काढत नाहीत. फर्मा वेगळा असतो, आणि तो विकायचा नसतो.”

अंबडला मोटारींचे आणि विजेच्या उपकरणांचे सुटे भाग करणारे पुष्कळ छोटे कारखाने आहेत. तिथे शेकडो नगांना अगदी ठरल्या जागी भोके पाडायची असतात. त्यासाठी कामगार दर वेळी मोजमाप करत बसत नाही. गिरमिटाला वाट दाखवणारे ‘जिग’ आणि नग पकडून ठेवणारे ‘फिक्श्चर’ एकदाच नीट तयार केलेले असते. शिंप्याचा खाकी कागदाचा फर्मा, चांभाराचा फर्मा, मोदकाचा साचा ही सगळी त्याचीच भावंडे. आकार एकदा काळजीपूर्वक ठरवायचा, एका टिकाऊ वस्तूत साठवायचा आणि मग प्रत्येक प्रत त्या वस्तूवरूनच काढायची.

चूक कशी साठते?

आमच्या फळ्यांचे नेमके काय झाले ते पाहू. फळीच्या कडेला पेन्सिल टेकवली तरी शिशाचे टोक कडेपासून जरासे बाहेरच राहते. समजा, हे अंतर अर्धा मिलिमीटर आहे. म्हणजे प्रत्येक नवी फळी डावीकडे अर्धा आणि उजवीकडे अर्धा, अशी १ मिलिमीटरने रुंद होणार. चोविसाव्या फळीपर्यंत २३ वेळा आखणी झाली, म्हणजे वाढ २३ मिलिमीटर. भोकाच्या आत पेन्सिल फिरवताना हेच अंतर आतल्या बाजूला पडते, म्हणून भोक तेवढेच लहान होते. कारण एकच, परिणाम दोन उलट.

ही चूक दर वेळी एकाच दिशेने होते, म्हणून ती बेरजेने वाढते. हात हलल्यामुळे होणारी चूक वेगळ्या प्रकारची असते. ती कधी आत जाते, कधी बाहेर. अशा चुका काही अंशी एकमेकींना खोडतात आणि साधारणपणे नगांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. १६ वेळा नक्कल केली तर एकाच दिशेची चूक १६ पट होते, पण कधी इकडे कधी तिकडे होणारी सुमारे ४ पट.

सगळ्या फळ्या एकाच फर्म्यावरून आखल्या असत्या तर? चूक राहिली असतीच, पण प्रत्येक फळीत एकदाच. चोविसावी फळी दुसरीइतकीच बरोबर किंवा चूक ठरली असती.

पेन्सिलऐवजी बेअरिंग

आता पेन्सिलच काढून टाकता आली तर आणखी चांगले. ते काम राउटर करतो. राउटर हे हातात धरून चालवायचे विजेचे यंत्र. त्यात ‘बिट’ नावाचे पात्यांचे दांडके उभे फिरते, मिनिटाला साधारण १० ते २४ हजार फेरे. बिटावर त्याच्याच व्यासाचे एक छोटे बेअरिंग बसवलेले असते. फर्मा फळीला घट्ट चिकटवायचा आणि बेअरिंग फर्म्याच्या कडेवरून फिरवायचे. बेअरिंग जिथवर जाते तिथवरच पाते कापते. दोघांचा व्यास सारखा, म्हणून फळी फर्म्याएवढीच होते.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत टॉमस ब्लँचार्ड यांनी १८१९ साली बंदुकीचे लाकडी दस्ते कोरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात एक चाक नमुन्याच्या दस्त्यावरून फिरे आणि त्याच्या हालचालीबरहुकूम कापणारे चाक शेजारच्या लाकडाला तोच आकार देई. दस्त्यासारखा वेडावाकडा आकारही अशा रीतीने यंत्रावर काढता येऊ लागला.

पात्याचा वेग किती असेल? १२ मिलिमीटर व्यासाचे बिट मिनिटाला २०,००० फेरे घेत असेल, तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर येतो. मुलांना हे गणित जरूर करायला द्यावे, आणि त्याच गणिताच्या आधारे राउटर त्यांच्या हाती का द्यायचा नाही हेही सांगावे. मुलांनी फर्मा आखावा, कानसीने घासावा, फळी पॉलिश पेपरने साफ करावी. राउटर सुतारानेच, डोळ्यांना चष्मा लावून चालवावा.

फर्म्याला काय जमत नाही?

कोयरीची शेपटी जिथे वळते तिथे आत एक खाच असते. १२ मिलिमीटर व्यासाचे बेअरिंग ६ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येच्या खाचेत शिरूच शकत नाही. म्हणजे फर्मा कितीही टोकदार केला तरी फळीची खाच गोलसरच येणार. टोकदार हवी असेल तर ती नंतर पटाशीने हातानेच काढावी लागते.

दुसरी अडचण लाकडाच्या रेषांची. लाकूड म्हणजे तंतूंची जुडी. पाते तंतूंच्या टोकांवर उलटे आले तर कड फाटते आणि ढलपी उडते. म्हणून फळी आधी करवतीने फर्म्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठी कापून घेतात आणि राउटरला तेवढेच काम ठेवतात. वरून पाहिले तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, म्हणून फळीच्या बाहेरच्या कडेने राउटर काट्यांच्या उलट दिशेने न्यायचा. भोकाच्या आतून मात्र काट्यांच्या दिशेने. उलट नेला तर राउटर हाताला ओढ देऊन पळू लागतो.

तिसरी गोष्ट पावसाळ्याची. लाकूड हवेतला दमटपणा शोषून फुगते, पण सगळीकडे सारखे नाही. तंतूंच्या लांबीकडे जवळजवळ नाहीच, आडवे मात्र पुष्कळ. म्हणून उन्हाळ्यात गोल असलेले भोक श्रावणात किंचित लंबगोल होते. फळीला हे चालेल, फर्म्याला नाही. आकार लक्षात ठेवायचे काम ज्याच्याकडे दिले, तोच ऋतूप्रमाणे बदलू लागला तर काय उपयोग? म्हणून फर्मा अखंड लाकडाचा न करता प्लायवूडचा, बेकेलाइट शीटचा किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा करतात. प्लायवूडमध्ये एकावर एक थरांचे तंतू आडवे-उभे असतात, ते एकमेकांना फुगू देत नाहीत.

कसब कुठे गेले?

मग सुताराच्या हातातले कसब संपले का? आम्ही हिशोब मांडला. हाताने एक फळी काढायला २ तास लागत. फर्मा करायला पूर्ण दिवस, म्हणजे ८ तास, पण नंतर प्रत्येक फळीला पाव तास. २४ फळ्यांना हाताने ४८ तास, फर्म्याने ८ अधिक ६, म्हणजे १४ तास. फळ्या चारच हव्या असतील तर फर्मा तोट्याचा. पाचवीपासून तो फायद्याचा ठरतो. कसब नाहीसे झाले नव्हते, ते त्या ८ तासांत गोळा झाले होते.

आणि तिथेच धोकाही होता. फर्मा घासताना एका मुलाची कानस घसरली आणि कोयरीच्या पोटाला बारीक चपटेपणा आला. कोणाच्या लक्षात आले नाही. आमच्या दुसऱ्या खेपेच्या २४ फळ्या एकमेकींवर तंतोतंत बसतात, वाट्याही नीट बसतात, पण २४ च्या २४ फळ्यांना तो चपटेपणा आहे. फर्मा साठलेली चूक टाळतो, स्वतःची चूक मात्र इमानाने वाटतो. म्हणून पहिली प्रत निघाली की काम थांबवून ती मोजायची, हा टूलरूमचा नियम आता आमचाही झाला आहे.

वर्गात करून पाहा

१. पुठ्ठ्याची एक चकती कापा. अर्ध्या वर्गाने साखळीने, म्हणजे प्रत्येकाने आधीच्याच्या चकतीवरून, नवी चकती आखून कापावी. उरलेल्या अर्ध्या वर्गाने मूळ चकतीवरूनच आखावी. सगळ्यांचे व्यास मोजून आलेख काढा. साखळीची रेषा कोणत्या दिशेला चढते?

२. बाटलीच्या बुचाला बरोबर मध्यभागी भोक पाडा. त्यात पेन्सिलचे टोक घालून बूच पुठ्ठ्याच्या चौकोनाच्या कडेने सगळीकडून फिरवा. चौकोनाची आणि उमटलेल्या रेषेची लांबी दोऱ्याने मोजा. मग हाच प्रयोग त्रिकोण आणि वर्तुळ घेऊन करा. बुचाची त्रिज्या १५ मिलिमीटर असेल तर लांबीतली वाढ तिन्ही वेळा सुमारे ९४ मिलिमीटर येईल. असे का? कोपऱ्यांवर उमटलेले वर्तुळाचे तुकडे कापून एकत्र जोडा, उत्तर हातात येईल.

३. हाच प्रयोग कोयरीवर करा. खाचेपाशी बूच अडले तर काय होते?