आवाज चालला, चेहरा नाही चालला

"इंग्लंडमध्ये कुठे राहत होता तुम्ही?"

फोनवरच्या गृहस्थांनी हे इतक्या सहज विचारलं की मला हसूच आलं. मी म्हटलं, "इंग्लंडला एकदाच गेले आहे, चार दिवसांसाठी. चारही दिवस पाऊस होता." तेही हसले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही.

ही २०१६ च्या शरद ऋतूतली गोष्ट. आम्हाला श्टुटगार्टजवळ येऊन दोन वर्षं झाली होती. लेक किंडरगार्टनमध्ये रुळली होती आणि मला परत शिकवायचं होतं. मुंबई विद्यापीठाचं इंग्रजीतलं एम. ए., कॉलेजात नऊ वर्षं शिकवल्याचा अनुभव, शिवाय इंग्रजी शिकवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, एवढी शिदोरी माझ्याकडे होती. एका खासगी भाषाशाळेची जाहिरात दिसली. कंपन्यांमधल्या कर्मचाऱ्यांना इंग्रजी शिकवायला शिक्षक हवे होते. मी फोन केला. वीस मिनिटं मस्त गप्पा झाल्या. "उद्याच या, कागदपत्रं घेऊन या, सोमवारपासून एक गट रिकामा आहे," असं ठरलं.

इथे एक सांगायला हवं. मी वसईची. आमच्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांची असतात तसं माझं आडनाव पोर्तुगीज धाटणीचं आहे. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, पण कागदावरचं नाव वाचून कुणी लिस्बन म्हणेल, कुणी लंडन म्हणेल. वसई कुणीच म्हणणार नाही!

दुसऱ्या दिवशी वेळेच्या पाच मिनिटं आधी मी दारात उभी होते. संचालकांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे पाहिलं. अजून कुणीतरी येतंय का, हे ते बघत होते. तो अर्धा सेकंद मी आजही विसरलेले नाही.

कॉफी मिळाली. बोलणं सभ्य झालं. माझी कागदपत्रं त्यांनी चाळली, पण वाचली नाहीत. शेवटी म्हणाले, "माझी स्वतःची काहीच हरकत नाही. पण आमचे ग्राहक चांगले पैसे मोजतात. त्यांना मुटरश्प्राखलर हवा असतो." म्हणजे ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे असा शिक्षक. मी म्हटलं, "काल फोनवर तुम्हाला तसं वाटलं होतं ना?" त्यावर ते फक्त हसले. तीन दिवसांनी दोन ओळींची मेल आली. माझं प्रोफाइल त्यांच्या सध्याच्या गरजांशी जुळत नव्हतं.

घरी मी कुणाला फारसं सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं, "दुसरा कुणी चांगला मिळाला असेल." आईला फोनवर सांगितलं, "पगार कमी होता गं." आपल्यापैकी किती जणांनी आपापल्या आईला असंच काहीतरी सांगितलं असेल!

पुढच्या मार्चमध्ये एका शिक्षक-प्रशिक्षणात शेजारी एक उमदा तरुण बसला होता. बोलता बोलता कळलं, तो गट त्यालाच मिळाला होता. माणूस स्वीडनचा, मातृभाषा स्वीडिश, इंग्रजी शाळेत शिकलेला. शिक्षक म्हणून चांगला होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मी विचारलं, "तुला मातृभाषा विचारली नाही?" तो म्हणाला, "नाही. का?" मी सांगितल्यावर त्याचे कान लाल झाले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मातृभाषेची अट माझ्यासाठी होती, त्याच्यासाठी नव्हती. त्या शब्दाआड जे होतं ते भाषेचं नव्हतंच.

कान डोळ्यांचं ऐकतात

पण मग ग्राहक खोटं बोलतात का? नाही, आणि हीच गंमत आहे. त्यांना खरोखर वेगळं ऐकू येतं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाचे डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. आवाज एकाच बाईचा, जन्मापासून अमेरिकन इंग्रजी बोलणाऱ्या बाईचा. फरक फक्त समोरच्या फोटोत होता. काहींना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्या आवाजात परदेशी हेल ऐकू आला आणि व्याख्यानही त्यांना कमी समजलं. आवाज तोच होता, हेल फोटोतून आला होता!

फोनवर माझं इंग्रजी इंग्लंडचं होतं आणि दारात उभी राहिल्यावर ते भारतीय झालं, ते असं.

जर्मनीत फोटोचं प्रकरण आणखी जवळचं आहे. अर्जाला फोटो लावण्याची इथे सक्ती नाही, पण पद्धत अजून गेलेली नाही. ऑस्ट्रियातल्या लिंत्सच्या अर्थतज्ज्ञ डोरिस वाइक्सेलबाउमर यांनी जर्मनीतल्या कंपन्यांना सुमारे १,५०० अर्ज पाठवले. सगळ्या अर्जांवर एकाच मुलीचा फोटो आणि सारखीच पात्रता. तिचं नाव 'झांड्रा बाउअर' होतं तेव्हा १८.८ टक्के कंपन्यांनी तिला मुलाखतीला बोलावलं. 'मेरिएम अझ्टुर्क' हे तुर्की नाव दिलं तेव्हा १३.५ टक्के. आणि त्याच मेरिएमने फोटोत डोक्याला रुमाल बांधला तेव्हा फक्त ४.२ टक्के. बॉनच्या आयझेडए या संस्थेने २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे मी जिन्यात उभी होते त्याच वर्षी.

कायदा काय म्हणतो

तेव्हा मला माहीत नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. ऑगस्ट २००६ पासून जर्मनीत समान वागणुकीचा कायदा आहे. त्याला सगळे 'आ-गे-गे' म्हणतात. वंश किंवा मूळ यावरून नोकरी नाकारता येत नाही. तासांवर काम करणाऱ्या स्वतंत्र शिक्षकांनाही काम मिळवण्याच्या टप्प्यावर त्याचं संरक्षण आहे, आणि आपल्यातले बरेचसे भाषाशिक्षक असेच काम करतात.

'मातृभाषा' या शब्दाचं काय? एरफुर्टच्या केंद्रीय कामगार न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की जाहिरातीत 'जर्मन मातृभाषा' अशी अट घातली तर दुसऱ्या मुळाच्या लोकांवर अन्याय होऊ शकतो. उत्तम भाषा येणं ही अट घालता येते, पण ती कुठे जन्मून आली हे विचारणं वेगळं. आणि "ग्राहकांना चालत नाही" या सबबीचं? बेल्जियममधल्या एका दारं बसवणाऱ्या कंपनीचा संचालक जाहीरपणे म्हणाला होता की ग्राहकांना परदेशी मुळाचे कामगार घरात नको असतात, म्हणून आम्ही ते घेत नाही. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये ठरवलं, हा सरळ सरळ भेदभाव आहे.

मात्र मुदत कडक आहे. नकार मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत लेखी मागणी करावी लागते. सगळं सिद्ध करून दाखवावं लागत नाही. भेदभावाचा संशय येण्यासारखे धागेदोरे पुरेसे असतात, मग तसं नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते. म्हणून जाहिरात जपून ठेवा. कोण काय बोललं ते तारखेसह त्याच संध्याकाळी लिहून काढा. बर्लिनच्या आंटीडिस्क्रिमिनीरुंग्सश्टेले या केंद्र सरकारच्या कार्यालयाकडून विनामूल्य सल्ला मिळतो. माझा धागा मला मार्चमध्ये सापडला, पाच महिने उशिरा.

डॉ. भांडारकरांची गोष्ट

त्या दिवसांत मला एका मोठ्या माणसाने धीर दिला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते संस्कृतचे हंगामी प्राध्यापक होते. संस्कृत शिकवणारी त्यांची दोन पुस्तकं तोवर आली होती. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्यावरून संस्कृत गिरवलं तीच ही पुस्तकं. तरी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला कायमची जागा भरायची वेळ आली तेव्हा ती ब्रिटनहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली. संस्कृत शिकवायला, मुंबईत, भांडारकर असताना!

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून फ्रान्त्स कीलहॉर्न हे जर्मन प्राध्यापक मायदेशी परतले आणि त्यांच्या जागेवर भांडारकर आले. १८८५ मध्ये याच जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. मी ही गोष्ट स्वतःला अनेकदा सांगितली. पण ती अर्धीच सांगत होते, हे मला गेल्या वर्षी कळलं.

माझी पाळी

आपल्या मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गाला शिक्षक हवा होता. एका जर्मन बाईंनी स्वतःहून विचारलं. पुण्यात काही वर्षं राहून मराठी शिकलेल्या, वयाने पन्नाशीच्या. निवड करणाऱ्या तिघांत मी होते. आणि त्यांचं बोलणं ऐकायच्या आधीच माझ्या तोंडून गेलं, "नको हो, मुलांचे उच्चार बिघडतील. आपलं कुणीतरी बघू या."

बोलून झालं आणि मला तो जिना आठवला. या वेळी दार मी उघडलं होतं आणि खांद्यामागे मीच बघत होते.

खंडोबाच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या हायडेलबर्गच्या गुंथर सोंथायमर यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. भांडारकरांवर अन्याय झाला म्हणतो, पण कीलहॉर्न पुण्यात संस्कृत शिकवत होते ते आपल्याला खटकत नाही. तेच शनिवारच्या वर्गात आलं की आपल्याला 'आपलं' माणूस लागतं. आणि मुलांच्या इंग्रजीसाठी? "नेटिव्ह बघ हं, शक्यतो ब्रिटिश," असा निरोप मला मंडळातल्या निदान चार घरांतून आलाय. मी स्वतः इंग्रजी शिकवते हे माहीत असूनही!

बाईंना बोलावलं. त्यांचा 'ळ' आपल्या बऱ्याच मुलांपेक्षा स्वच्छ निघाला. पण खरी गोष्ट नंतर घडली. माझी लेक म्हणाली, "माझ्याकडे भूक आहे." जर्मनमध्ये भूक जवळ असते, 'इश हाबं हुंगर', म्हणून हे मराठी. मी तीन वर्षं तिला सांगत होते, "असं नाही म्हणायचं." बाईंनी फळ्यावर लिहिलं: मला भूक लागली. मला राग आला. मला थंडी वाजते. मग म्हणाल्या, "मराठीत या गोष्टी तुमच्याजवळ नसतात. त्या तुमच्याकडे येतात, पाहुण्यांसारख्या. म्हणून 'मला'." वर्गात मागच्या बाकावर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भाषेकडे असं पाहिलं. ही वाट त्या स्वतः चालून आल्या होत्या. मी तर त्या घरातच जन्मले होते, मला वाट ठाऊकच नव्हती.

भाषाशिक्षणात याला आता नावही आहे. जन्मतः भाषा बोलणाराच उत्तम शिक्षक असतो, या समजुतीला रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्येच भ्रम म्हटलं. मला ते पुस्तकातून माहीत होतं. पटलं मात्र भुकेच्या वाक्यावरून.

मी आज एका सरकारी प्रौढशिक्षण केंद्रात इंग्रजी शिकवते. पहिल्या तासाला दारात आल्यावर अजूनही एखादा चेहरा मागे बघतो. मी सरळ फळ्याकडे जाते आणि शिकवायला लागते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांचे कान सुधारतात.

एवढंच सांगायचं होतं. मुलांसाठी शिक्षक शोधाल तेव्हा आधी डोळे मिटून त्यांचा एक तास ऐका. आणि पुढच्या वेळी आईला "पगार कमी होता" असं सांगायची वेळ आली, तर आधी तारीख लिहून ठेवा. दोन महिने फार लवकर जातात.