गाभ्याने काय नेले, काय ठेवले?

आपल्या पायांखाली सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर खडकांचे प्रावरण संपते आणि वितळलेल्या लोखंडाचा गाभा सुरू होतो. तेथवर मनुष्याचा हात पोचलेला नाही. मग त्या गाभ्यात कोणती मूलद्रव्ये गेली, हे आपण कशावरून सांगतो?

लोखंडाच्या भट्टीत जड धातुरस तळाशी बसतो व हलकी मळी वर तरंगते. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी कोवळी पृथ्वीही अशीच वितळली होती. लोखंड खाली गेले, सिलिकेटचा रस वर राहिला. इतर मूलद्रव्यांनी मात्र आपले घर वजन पाहून निवडले नाही. युरेनियम अतिशय जड. परंतु त्याचे सख्य ऑक्सिजनशी, म्हणून ते खडकातच राहिले. सोने, प्लॅटिनम, इरिडियम यांनी लोखंडाची कास धरली. गोल्डश्मिट यांनी १९२३ साली लोहप्रिय, शिलाप्रिय असे जे वर्ग पाडले, त्यांच्या मुळाशी हीच रासायनिक ओढ आहे.

ही ओढ मोजताही येते. धातू व सिलिकेट एकत्र वितळवून कोणते मूलद्रव्य कोठे किती गेले, याचे प्रमाण काढावयाचे. साध्या दाबाखाली निकेलची लोखंडाकडे ओढ इतकी तीव्र असते की, प्रावरणात ते आज आहे त्याहून पुष्कळच कमी उरावयास हवे होते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले की, दाब वाढला म्हणजे ही ओढ मंदावते. यावरून लोखंड शेकडो किलोमीटर खोल अशा शिलारसाच्या समुद्रात सिलिकेटपासून वेगळे झाले असावे, असे अनुमान निघते. निकेल हा आपला दाबमापकच ठरला!

पण सोन्या-प्लॅटिनमचा हिशेब एवढ्याने मिटत नाही. प्रावरणात सोने हजार टनांत जेमतेम एक ग्रॅम असते. तरीही ते अपेक्षेहून अधिक आहे. शिवाय हे सारे मौल्यवान धातू तेथे जवळजवळ उल्कापाषाणांतल्याच परस्पर प्रमाणात सापडतात. प्रत्येकाची लोखंडाकडील ओढ निराळी असता उरलेल्यांचे प्रमाण असे जुळावे कसे? पुष्कळ संशोधक म्हणतात, गाभा तयार झाल्यावर पृथ्वीच्या वस्तुमानाच्या सुमारे अर्धा टक्का उल्काद्रव्य वरून येऊन मिसळले. दाबामुळेही थोडे सोने मागे राहिले असेल, हा विचार अजून चालू आहे. ते काही असो; खाणीतून आपण काढतो ते सोने गाभ्याच्या तावडीतून सुटलेले किंवा त्याच्या पश्चात आलेले आहे, एवढे खरे.