ब्रूनोच्या खुब्याचा निर्णय

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या मूलच्या भागात खुब्याचं दुखणं नवं नाही. सिकलसेलच्या काही रुग्णांत मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तरणी मुलं लंगडायला लागतात. कुत्र्यालाही खुब्याचा आजार होतो, हे मात्र इथं फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. आमचा लॅब्रेडॉर ब्रूनो आठ महिन्यांचा असताना मागचे पाय जोडून सशासारखा उड्या मारत पळायचा, तर शेजारच्यांना कौतुकच वाटायचं. उठताना मात्र तो पुढच्या पायांवर सारा भार टाकायचा. नागपूरला गुंगी देऊन एक्स-रे काढला, तेव्हा कळलं: हिप डिस्प्लेशिया.

यात मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत घट्ट बसत नाही. सांधा सैल राहतो, हाड घासतं, कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात जडतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड अशा जातींत हा दोष रक्तातूनच येतो. झपाट्यानं होणाऱ्या वाढीनं आणि जादा वजनानं तो बळावतो. ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून अशा पिल्लांना वरून कॅल्शियम पाजतात, तेही वाढत्या हाडांना बाधतं.

शस्त्रक्रिया वयानुसार बदलते. पाच महिन्यांच्या आत दोष सापडला तर एका छोट्या शस्त्रक्रियेनं कमरेच्या हाडाच्या वाढीला वळण देता येतं. झीज सुरू झाली नसेल तर साधारण दहाव्या महिन्यापर्यंत हाड कापून खोबण फिरवता येते. ब्रूनोची झीज सुरू झाली होती, म्हणून उरले दोनच मार्ग. एकात गोळाच कापून टाकतात. हा स्वस्त आहे, पण हलक्या कुत्र्यांना जास्त मानवतो. दुसरा म्हणजे कृत्रिम सांधा. त्याचा खर्च लाखांत जातो.

“काहून ताई, कुत्र्यासाठी एवढा पैसा?” असं लोक विचारतात. पैसा लागतोच, पण त्याहून अवघड असतात नंतरचे दोन-तीन महिने. उडी नाही, जिना नाही, गुळगुळीत फरशी नाही, लघवीलासुद्धा साखळीनंच न्यायचं. बिबट्या गावालगत फिरतो, त्यामुळे अंगणात मोकळं सोडण्याची सोय नाही. घरात सतत एक माणूस हवं.

थांबण्यातही धोका असतो. रतन टाटांनी आपला कुत्रा सांधा बदलण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेला होता. उशीर झाल्यामुळे डॉक्टरांना तो सांधा एका स्थितीत कायमचा जखडावा लागला. त्याच अनुभवाची आठवण त्यांनी मुंबईत महालक्ष्मीला 2024मध्ये सुरू झालेल्या प्राण्यांच्या रुग्णालयाबद्दल बोलताना सांगितली.

तरीही आम्ही सध्या थांबलो आहोत, आणि ते मला पटतं. एक्स-रे वाईट दिसला म्हणजे कुत्रा तितकाच लंगडेल असं नसतं. वाढ पुरी होता होता सांध्याभोवतीचं आवरण जाड होतं आणि अनेक पिल्लांचं दुखणं ओसरतं. तोवर वजन आटोक्यात ठेवणं हाच मोठा इलाज. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉरांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात, 25 टक्के कमी खाणाऱ्यांच्या खुब्यांत झीज कमी आढळली आणि त्यांचं आयुष्यही सुमारे पावणेदोन वर्षांनी वाढलं. भाताच्या या मुलखात कुत्र्याला मोजून भात घालणं पाहुण्यांना कंजूषपणा वाटतो, वाटू दे. ब्रूनोच्या बरगड्या हाताला लागल्याच पाहिजेत. फरशीवर जुन्या सतरंज्या टाकल्या आहेत आणि सकाळ-संध्याकाळ साखळीनं सावकाश फिरवतो. वेदनाशामक फक्त पशुवैद्यकांनी दिलेलं. माणसांच्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळीनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

तो दीड वर्षाचा झाला की पुन्हा तपासणी. औषध चालू असूनही उठताना कळवळत असेल, तर जास्त दुखणाऱ्या बाजूचा सांधा बदलायचा. त्यासाठी पोस्टात आवर्ती ठेव सुरू केली आहे. त्याच्यापासून पिल्लं मात्र घ्यायची नाहीत, हे आजच ठरलं आहे.