काळी जमीन, द्राक्षवेल आणि यवतमाळचा उन्हाळा

नाशिकची जमीन दख्खनी बेसाल्टापासून झालेली. वणीकडील गोंडवन खडकांचा प्रदेश वगळला, तर यवतमाळची बहुतेक जमीनही त्याच खडकाची. तरी एकीकडे द्राक्षांचे मांडव आणि दुसरीकडे पऱ्हाटी, असे का व्हावे? मुख्यतः कापसावर विसंबलेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा नव्हे.

प्रथम वेलीचा मूळ स्वभाव पाहू. स्पेनमधील रिओहा प्रांतात, एब्रो नदीच्या खोऱ्यात, चुनखडीमिश्रित चिकणमातीवर टेंप्रानियो ही काळी द्राक्षे होतात. उत्तरेच्या कांताब्रिया पर्वतामुळे समुद्राकडील थंड, ओले वारे अडतात. हिवाळ्यात वेल पर्णहीन होऊन विश्रांती घेते; तिचे वेळापत्रक थंडी ठरविते.

आपल्याकडे ते काम छाटणीच्या कात्रीस करावे लागते. दख्खनमध्ये वेल स्वभावतः झोपतच नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नवी काडी वाढवितात. त्या काडीच्या डोळ्यांत पुढील घडांचे बीज उन्हाळ्यातच धरते. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि कोरड्या हवेत घड पोसतात. दुसऱ्या छाटणीचे यश असे पहिलीवर अवलंबून असते. नाशिकची उंची व सौम्य उन्हाळा कोवळ्या फुटीस मानवतो. यवतमाळचा मे महिना मात्र पारा ४५ अंशांपर्यंत नेतो, आणि त्या उष्ण, शुष्क वाऱ्यात कोवळी फूट करपते. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा अडसर ऑक्टोबरात नसून येथे आहे.

जमिनीचीही गोष्ट अशीच आहे. खोल काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते, वाळल्यावर भेगाळते. पाऊस थांबल्यावरही ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण कोरडवाहू कापसाला तारतो. तोच वेलीच्या मुळांना गुदमरवितो. मातीतील मुक्त चुन्यामुळे लोह दुर्मिळ होऊन पानेही पिवळी पडतात. महाराष्ट्रात डॉगरिज खुंटावर कलमे करतात. त्याने क्षार व अवर्षण काही अंशी सोसते, पण निचऱ्याची उणीव भरून निघत नाही.

जिल्ह्यातील डोंगरउतारांवर उथळ, मुरमाड जमिनी आहेत आणि त्यांत निचरा उत्तम होतो. परंतु खरड छाटणीनंतर वेलीला पाणी हवे असते ते नेमके मे महिन्यात. आणि उतारावरच्या विहिरी तळ गाठतात त्याही त्याच महिन्यात.