उतरवणाऱ्यांचा शनिवार

डिसेंबरातल्या एका शनिवारी अर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पाय ठेवायला जागा नसते. ट्रक येतात, भाषणं होतात, कॅमेरे लागतात आणि दिवस मावळायच्या आत ओळीने उभ्या पांढऱ्या शिळांच्या पायाशी लाल फितीची हिरवी पुष्पचक्रं टेकवलेली असतात. हे फोटो जगभर फिरतात. पुढे जानेवारीतल्या एका शनिवारी हीच अडीच लाखांच्या घरातली चक्रं कुणाला तरी उचलावी लागतात. त्या शनिवारी कॅमेरे फारसे येत नाहीत. माणसं येतात.

वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदी ओलांडली की व्हर्जिनियात ही 639 एकर जागा लागते. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्या सासरची ही इस्टेट. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेने ती ताब्यात घेतली आणि 1864 मध्ये तिथे सैनिक पुरायला सुरुवात केली. 13 मे रोजी पहिला मान मिळाला विल्यम ख्रिसमन या पेनसिल्व्हेनियाच्या साध्या शिपायाला, आणि तो लढाईत पडलेला नव्हता, गोवराच्या दुखण्यात गेला होता. आज इथे चार लाखांहून अधिक माणसं विसावली आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज 27 ते 30 अंत्यविधी होतात. म्हणजे ही काही पर्यटकांसाठी राखलेली जुनी वास्तू नव्हे, रोजच्या कामाची जागा आहे. वाळून भुरभुरणारी चक्रं तिथे फार दिवस ठेवून चालत नाही.

चक्रांची प्रथा मात्र अलीकडची. मेन राज्यातल्या मॉरिल वूस्टर यांनी बाराव्या वर्षी, घरोघर पेपर टाकणाऱ्या मुलांच्या स्पर्धेत वॉशिंग्टनची सहल जिंकली आणि अर्लिंग्टन पाहिलं. मोठेपणी ते बाल्सम फरच्या फांद्यांची चक्रं बनवून विकू लागले. 1992 च्या नाताळात 5,000 चक्रं उरली, तेव्हा लोकप्रतिनिधी ऑलिंपिया स्नो यांच्या मदतीने त्यांनी ती अर्लिंग्टनच्या अशा भागात नेली जिथे सहसा कुणी फिरकत नव्हतं. पुढची कित्येक वर्षं हा उद्योग गाजावाजा न होता चालला. 2005 मध्ये बर्फातल्या चक्रांचा एक फोटो इंटरनेटवर पसरला आणि 2007 मध्ये 'रीद्स अक्रॉस अमेरिका' ही संस्था उभी राहिली.

उतरवण्याच्या दिवसाला दफनभूमीचे लोक 'रीद्स आउट' म्हणतात. बर्फाचं वादळ आलं तर तारीख पुढे जाते. बाकी थाट काही नाही. रस्त्यांच्या कडेला कचऱ्याचे मोठे डबे आणून ठेवतात, लोक ओळी वाटून घेतात. सराईत माणूस घरून झाडूचा दांडा किंवा लांब काठी घेऊन येतो. दांड्यात एकामागून एक चक्रं ओवायची, दोघांनी दोन टोकं खांद्यावर घ्यायची आणि डब्यापर्यंत न्यायची. फांद्या आतल्या तारेच्या कड्यावर बांधलेल्या असतात. हिरवेपणा गेला तरी चीक जात नाही, बाहीला लागला की फराचा वास घरापर्यंत सोबत येतो. देवघरातलं निर्माल्य उचलताना जसा हात आपोआप जपून चालतो, तसे इथे लोक चक्र उचलतात. फेकाफेक क्वचितच दिसते, आणि एखादं पोर चक्राची चकती करू लागलंच तर आई नुसती बघते.

ठेवताना शिळेवरचं नाव मोठ्याने वाचावं, असा संस्थेचा आग्रह असतो. उतरवताना तसं कुणी सांगत नाही, तरी अनेक जण वाचतात. मला वाटतं, वाचायला हाच दिवस बरा. डिसेंबरात मागची गर्दी ढकलत असते. जानेवारीत ओळीच्या दोन्ही बाजूंनी फिरता येतं, आणि मग शिळेची मागची बाजू दिसते. पुढे नवऱ्याचं नाव, हुद्दा, युद्ध. मागे बायकोचं नाव आणि खाली 'हिज वाइफ'. बदल्यांमागे आयुष्यभर बिऱ्हाड हलवलेल्या बाईची एवढीच नोंद. सत्तावीस क्रमांकाच्या भागात तर मुक्त झालेले गुलाम आणि त्यांची कुटुंबं, 3,800 हून अधिक माणसं आहेत. त्यांच्या शिळांवर हुद्द्याच्या जागी 'सिटिझन' किंवा 'सिव्हिलियन' कोरलंय. ज्यांना हयातीत नागरिक मानायला देश तयार नव्हता, त्यांच्यातल्या कित्येकांच्या शिळेवर हा शब्द आहे!

या प्रथेवर आक्षेपही आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. हिरवं चक्र हे नाताळचं चिन्ह, मग ते इतर धर्मीयांच्या किंवा धर्म न मानणाऱ्यांच्या थडग्यावर का? डेव्हिडचा तारा कोरलेल्या ज्यूंच्या शिळेपुढे स्वयंसेवक घटकाभर थांबतात, पण घरच्यांनी सांगितल्याशिवाय चक्र ठेवत नाहीत. बाकीच्यांचा प्रश्न उरतोच. दुसरा आक्षेप पैशाचा. लोकांच्या देणगीतून संस्था चक्रं घेत आली ती मुख्यतः वूस्टर घराण्याच्याच कंपनीकडून. हा व्यवहार लपवलेला नाही, पण देणगीदाराने तो माहीत करून घेऊन मगच खिशात हात घालावा.

उतरवण्याच्या शनिवारी कुणाचाच धंदा होत नाही. नातवाला घेऊन आलेला म्हातारा, स्काउटची पोरं, सुट्टीवरचे सैनिक, आसपासच्या उपनगरांतली आपली देशी कुटुंबंसुद्धा. पुष्कळ हात लागले की काही तासांत सगळं आटोपतं, म्हणून उशिरा पोचणाऱ्याला रिकाम्या ओळी बघून परतावं लागतं. जायचं असेल तर सकाळी लवकर जावं, आणि हातमोजे जाडे घ्यावेत. लोकरीचे नकोत, तारेत अडकतात.