बाह्यवळण रस्ता आणि शेतजमिनीचा मोबदला : रायपूरचा अनुभव

मुंबई-कोलकाता महामार्ग म्हणून ओळखला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6, म्हणजे आजचा क्रमांक 53, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि रायपूर या शहरांमधून जातो. दुर्गपासून रायपूरपर्यंतचा पट्टा आता जवळजवळ सलग नागरी वस्तीचा झाला आहे. भिलाईच्या पोलादाची, कोळशाची आणि धान्याची अवजड वाहतूक स्थानिक वाहनांत मिसळते आणि रायपूरच्या टाटीबंध चौकासारख्या ठिकाणी तुंबते. एकेकाळी शहराबाहेरून काढलेला रायपूरचा रिंग रोडही शहर वाढत गेल्याने वस्तीत आला. त्यामुळे नवा रस्ता शहरापासून बराच दूर, शेतांमधूनच काढावा लागला.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2017 मध्ये मंजूर केलेल्या भारतमाला परियोजनेत राजनांदगाव जिल्ह्यातील टेडेसरा ते आरंग असा सुमारे 92 किलोमीटरचा सहापदरी दुर्ग-रायपूर-आरंग बाह्यवळण मार्ग आखण्यात आला. याच परियोजनेत रायपूर-विशाखापट्टणम हा सुमारे 465 किलोमीटरचा आर्थिक महामार्ग येतो. त्याचा सुमारे 125 किलोमीटरचा भाग छत्तीसगढमध्ये असून या भागाची पायाभरणी 7 जुलै 2023 रोजी रायपूर येथे झाली. रायपूरच्या दक्षिणेकडील अभनपूर तालुक्यात या दोन्ही प्रकल्पांसाठी भाताची शेती संपादित झाली. नवे रस्ते आणि जुनी शेती यांच्यातील व्यवहार समजून घेण्यास हा तालुका उपयुक्त ठरतो.

बहुपिकी ओलिताची जमीन शक्यतो संपादित करू नये, केली तर अखेरचा उपाय म्हणून करावी, असे 2013 च्या भूसंपादन कायद्याचे कलम 10 सांगते. मात्र महामार्ग, लोहमार्ग, कालवे यांसारख्या रेषीय प्रकल्पांना त्याच कलमाने वगळले आहे. शिवाय राष्ट्रीय महामार्गांसाठीची जमीन या कायद्याने नव्हे, तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 नुसार घेतली जाते. हा अधिनियम 2013 च्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत असल्याने सामाजिक परिणाम मूल्यांकनाची प्रक्रिया येथे लागू होत नाही. मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी मात्र लागू होतात. केंद्र सरकारच्या 28 ऑगस्ट 2015 च्या आदेशाने हे स्पष्ट केले. परीक्षार्थींचा गोंधळ बहुधा येथेच होतो. प्रक्रिया 1956 च्या अधिनियमाची आणि मोबदल्याचे सूत्र 2013 च्या कायद्याचे, असा हा जोड आहे.

1956 च्या अधिनियमातील कलम 3-ए खालील अधिसूचनेने संपादनाचा इरादा जाहीर होतो. त्यानंतर 21 दिवसांत हरकती घेता येतात. एका वर्षाच्या आत कलम 3-डी ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते. ती न झाल्यास अधिसूचना रद्द ठरते. मोबदला कलम 3-जी नुसार सक्षम प्राधिकारी ठरवतो. तो मान्य नसेल, तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाता येते. या साखळीत शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत निर्णायक दिवस 3-ए अधिसूचनेचा असतो, कारण बाजारमूल्य त्या दिवसाचे धरले जाते.

हे बाजारमूल्य ठरवताना शासनाच्या दरपत्रकाचा मोठा आधार घेतला जातो. महाराष्ट्रात त्याला रेडी रेकनर म्हणतात, छत्तीसगढमध्ये गाइडलाइन दर. ग्रामीण भागात या मूल्यास राज्याने ठरवलेल्या 1 ते 2 या मर्यादेतील गुणकाने गुणले जाते आणि येणाऱ्या रकमेइतकीच दिलासा रक्कम वर मिळते. उदाहरणादाखल, हेक्टरी दर 20 लाख रुपये आणि गुणक 2 धरला, तर 40 लाख आणि दिलाशाचे 40 लाख मिळून 80 लाख रुपये होतात. अधिसूचनेनंतरच्या काळासाठीची वार्षिक 12 टक्के रक्कम वेगळी.

आता छत्तीसगढच्या दरपत्रकातील एक तरतूद पाहू. ग्रामीण भागातही 500 चौरस मीटरपर्यंतच्या तुकड्याचे मूल्य हेक्टरी दराने न काढता चौरस मीटरच्या, म्हणजे भूखंडाच्या दराने काढले जाई. एवढा लहान तुकडा घरासाठीच घेतला जाणार, हे त्यामागचे गृहीतक. नोंदणी शुल्काच्या दृष्टीने ते वावगे नव्हते. परंतु हेच दरपत्रक भूसंपादनाला लावल्यावर चित्र बदलते. वरील उदाहरणातील एक हेक्टर शेत कागदोपत्री 20 तुकड्यांत विभागले आणि भूखंडाचा दर चौरस मीटरला 600 रुपये असला, तर मूळ मूल्य 60 लाख आणि मोबदला 2 कोटी 40 लाख होतो. जमीन तीच, भातही तोच. शेतकऱ्याला न्याय मिळावा म्हणून ठेवलेले गुणक आणि दिलासा रक्कम मिळून नोंदीतील फेरफारही चौपट करतात.

अभनपूरमध्ये हेच घडल्याचा आरोप आहे. रायपूर-विशाखापट्टणम मार्गाच्या संपादनात काही खातेदारांच्या जमिनींचे मागील तारखा दाखवून तुकडे पाडण्यात आले आणि कोट्यवधी रुपयांचा जादा मोबदला उचलण्यात आला, असे चौकशीत पुढे आले. त्या वेळी चर्चेत आलेला आकडा 43 कोटी रुपयांच्या घरात होता. मार्च 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तपास आर्थिक गुन्हे अन्वेषण शाखेकडे सोपवला, एप्रिलमध्ये छापे आणि अटका झाल्या, पुढे आरोपपत्रही दाखल झाले. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. तथापि असा व्यवहार रस्त्याची आखणी आधी ठाऊक असल्याशिवाय आणि महसुली नोंदीपर्यंत हात पोहोचल्याशिवाय शक्य नाही, एवढे उघड आहे. सामान्य कास्तकाराकडे या दोन्ही गोष्टी नसतात.

राज्याने 2025 मध्येच ग्रामीण शेतजमिनीसाठीचा 500 चौरस मीटरचा वेगळा दर काढून टाकून संपूर्ण क्षेत्राचे मूल्य हेक्टरी दराने करण्याचा निर्णय घेतला. जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करून 5 डेसिमलपेक्षा, म्हणजे सुमारे 200 चौरस मीटरपेक्षा लहान शेततुकड्यांवरही निर्बंध आणला. महाराष्ट्रातील 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची येथे आठवण होते. त्याचा हेतू मात्र शेती किफायतशीर ठेवण्याचा होता. या दोहोंपैकी दर बदलण्याचा उपाय अधिक मुळाशी जाणारा आहे, कारण 5 डेसिमलची मर्यादा पाळूनही 500 चौरस मीटरच्या आतले तुकडे पाडता येतात.

दराचा प्रश्न सुटला तरी काही बाबी उरतात. उंच भरावाचा रस्ता शेताचे दोन भाग करतो. बांधावरून बांधावर उतरणारे भातखाचरातले पाणी एका बाजूला साचते, दुसऱ्या बाजूला तुटते. मोऱ्या कमी असतील, तर उरलेले शेतही निकामी होते. प्रवेश-नियंत्रित मार्गावर ट्रॅक्टर आणि गुरे वाटेल तेथून पलीकडे नेता येत नाहीत, जवळच्या भुयारी वाटेपर्यंत फेरा पडतो. अशा विभाजनाने होणारी हानी मोबदल्यात धरावी, असे कलम 3-जी सांगते. पण ती मागावी लागते, आणि त्यासाठी शेतकऱ्याला त्या ओळीची माहिती असावी लागते.

दुसऱ्याची जमीन अधियाने किंवा रेगहा पद्धतीने, म्हणजे अर्धेलीने वा खंडाने, कसणाऱ्यांची स्थिती याहून कठीण आहे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करून अशा जमिनीवर मुख्यतः उपजीविका करणारे कुळ, वाटेकरी आणि शेतमजूर यांनाही 2013 चा कायदा बाधित कुटुंबांत मोजतो. मात्र हा व्यवहार बहुधा तोंडी असतो. पटवाऱ्याच्या खसऱ्यात नाव जमीनमालकाचे, आणि मोबदल्याची नोटीस त्याच नावाने निघते.