गाणाऱ्या गिरगावातून एक फेरफटका

मामाला गिरगाव सोडून बारा वर्षं झाली. चाळ पडली, तिच्या जागी टॉवर आला आणि मामा डोंबिवलीला मुलाजवळ राहायला गेला. तिथे गाण्याचे कार्यक्रम होत नाहीत असं नाही, भरपूर होतात. तरी प्रत्येक कार्यक्रमानंतर त्याचं पालुपद ठरलेलं : "गाणं ऐकावं तर गिरगावात." शेवटी एका रविवारी सकाळी मी म्हटलं, "चल, दाखव तुझं गाणारं गिरगाव." २०२५पासून भुयारी मेट्रो थेट गिरगावात येते, पण मामाने ती साफ नाकारली. "जमिनीखालून आलो तर गिरगाव दिसणार कधी?" मग आम्ही आपले चर्नी रोडला उतरलो.

सुरुवात ऑपेरा हाउसपासून. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते उद्घाटन झालेलं हे नाट्यगृह. बालगंधर्वांपासून पृथ्वीराज कपूरांपर्यंत सगळ्यांचे आवाज या भिंतींनी ऐकले. पुढे तिथे सिनेमे लागू लागले आणि १९९३ साली दारं बंद झाली. तब्बल तेवीस वर्षांनी, २०१६ साली, दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडलं तेव्हा मुंबईतच वाढलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. मामाने सोनेरी नक्षीचं मनापासून कौतुक केलं आणि वर म्हणाला, "पण हे गिरगावचं गाणं नव्हे बरं का. हे गिरगावात आलेलं गाणं. आपलं गाणं जिना चढून ऐकायचं असायचं."

त्यातला पहिला जिना देवधर मास्तरांचा. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली संगीत विद्यालय काढलं. ऑपेरा हाउसजवळच्या मोदी चेंबर्समधलं हे विद्यालय म्हणजे नुसती शिकवणी नव्हती. बाहेरगावचा गवई मुंबईत आला की त्याची पावलं इकडे वळायची. बडे गुलाम अली खाँसाहेबांसारख्यांचा इथे घरोबा. कोणी आलं की गप्पा, गप्पांतून गाणं. आणि कोपऱ्यात बसून ते सगळं टिपणारी मुलं. त्या मुलांत एक होता शिवपुत्र कोमकळी. १९३०च्या दशकाच्या मध्यात अकरा-बारा वर्षांचा हा पोरगा बेळगावकडून इथे शिकायला आला आणि इथेच मोठा झाला. त्यालाच आपण कुमार गंधर्व म्हणतो. "मीसुद्धा दोन वर्षं जात होतो," मामा म्हणाला, "पण भूपाच्या पुढे गाडी गेली नाही."

गिरगावातच हे सगळं का झालं, असा प्रश्न मला नेहमी पडतो. संस्थानांचे दरबार हळूहळू आटत गेले तसे उत्तरेतले खाँसाहेब आगगाडीने मुंबईची वाट धरू लागले. पैसा इथल्या कापडबाजारात होता. शेठ, वकील, डॉक्टर यांच्या घरी बैठका होत. पारशी मंडळींनी तर १८७० सालीच 'गायन उत्तेजक मंडळी' काढली होती. वकिली करणारे तरुण भातखंडे पुढे तिथेच गाण्यात खोल उतरले. बिजनौरकडून आलेल्या छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ या भावांनी शेजारच्या भेंडीबाजारात बिऱ्हाड केलं आणि एका घराण्याला बाजाराचंच नाव मिळालं. शाहू महाराज १९२२ साली गेल्यावर अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर सोडून मुंबईला आले आणि १९४६ साली इथेच वारले. शिकवणारा, पैसे देणारा आणि ऐकणारा, तिघेही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. माझ्या मते गिरगावचं खरं वैभव एवढंच आणि ते कुठल्याही एका इमारतीत मावणारं नव्हतं.

त्यातही ऐकणारा महत्त्वाचा. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून संध्याकाळी लक्ष्मीबागेत जाऊन बसणारा कारकून. लक्ष्मीबागेचं सभागृह मोठं नाही, पण त्या काळातले नामवंत गायक-गायिका तिथे गाऊन गेले. ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवात तर गाणं ऐकायला तिकीटही लागत नसे. मामाने तिथेच ऐकून ऐकून कान तयार केले. "समेवर चुकून दाद गेली ना, तर शेजारचा आजोबा वळून बघायचा. त्या बघण्याची भीती मास्तरांच्या छडीपेक्षा जास्त." असे आजोबा आता बोरिवली, डोंबिवली, ठाण्याला विखुरले. सभागृहाची डागडुजी होऊ शकते. शेजारच्या आजोबांचं काय करायचं? आज गिरगावात सर्वांत दणक्यात वाजतं ते बेंजो आणि ढोलताशा. त्यालाही मी नावं ठेवणार नाही. पोरांच्या हातात लय आहे. फक्त कानठळ्या बसतात.

दुपारी पणशीकरांकडे पियूष घेतलं. आता परत फिरायचं, असं मला वाटलं होतं. पण मामा म्हणाला, "एक जागा राहिली." आणि आम्ही विठ्ठलभाई पटेल रस्त्याने केनेडी पुलाकडे निघालो.

तिथे काँग्रेस हाउस आहे. स्वातंत्र्यलढ्यात मुंबई काँग्रेसचं हे ठाणं. लोकवर्गणीतून १९१८ साली उभा राहिलेला जिना हॉल याच आवारातला. १९३६च्या सुमारास त्या हॉलमध्ये छोटा कुमार असा काही गायला, की जाणकार थक्क झाले. ही गोष्ट गाण्यावरच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. पुस्तकांत सहसा सापडत नाही ते हे, की शेजारच्या वस्तीलाही 'काँग्रेस हाउस' हेच नाव पडलं आणि ती वस्ती मुजऱ्याच्या कोठ्यांची. उत्तरेकडून आलेल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका, त्यांचे सारंगिये, तबलजी. ठुमरी, दादरा, गझल यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पुंजी इथल्या माड्यांवर होती. पुढे गिऱ्हाइकाची आवड बदलली, फिल्मी गाणी आली आणि ती पुंजी विरत गेली.

पुलाच्या पायथ्याशी मामा थांबला. "शाळेत असताना नाना चौकात आत्याकडे डबा पोचवायला जायचो. आईची सक्त ताकीद : पुलाजवळ वर बघायचं नाही. मी बघायचो नाही. पण कान कुठे बंद करता येतात? एका माडीवर एक बाई सकाळी रियाज करायच्या. फक्त स्वर लावायच्या, तासन्‌तास. अगं, तसा षड्ज मी नंतर मोठमोठ्या बैठकांतसुद्धा फार वेळा ऐकला नाही. डबा गार व्हायचा आणि आत्या रागवायची."

"आजीला सांगितलंस कधी?"

"कसं सांगणार? तेच लक्ष्मीबागेत ऐकलं असतं, तर घरी येऊन चार वेळा सांगितलं असतं."

मला मोगूबाई आठवल्या, केसरबाई आठवल्या, अंजनीबाई मालपेकर आठवल्या. तिघीही गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आलेल्या. ज्या समाजाने त्यांच्या आयांना देवळाच्या आणि यजमानाच्या आधाराने ठेवलं, त्याच समाजासमोर बसून त्यांनी आपलं गाणं सिद्ध केलं. अंजनीबाई भेंडीबाजारवाल्या नझीर खाँच्या शिष्या. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेली ती पहिली स्त्री. कुमारांनी आणि किशोरी आमोणकरांनी त्यांच्यापाशी बसून विद्या घेतली. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. या तिघींना नाव मिळालं, मानही मिळाला, पण त्यासाठी काय मोजावं लागलं ते त्यांनाच ठाऊक. आणि ज्यांना ते जमलं नाही, किंवा जमवायची संधीच मिळाली नाही, त्या या माड्यांवर राहिल्या. गिरगावच्या गाण्याबद्दल आपण अभिमानाने बोलतो तेव्हा लक्ष्मीबागेपर्यंत येऊन थांबतो. तिथून केनेडी पूल काही फार लांब नाही. मामासुद्धा ते अंतर ओलांडून सत्तर वर्षांनी बोलला, आणि तेही मी एकटीच बरोबर होते म्हणून.

"कोणती माडी रे?" मी विचारलं.

त्याने काठी उचलली, मग खाली टेकली. समोर एका इमारतीला बांबूची परात बांधलेली होती, दुसरीवर मोबाइल दुरुस्तीची पाटी. "खिडक्यांना हिरवी तावदानं होती," तो म्हणाला. हिरवी तावदानं आम्हाला कुठे दिसली नाहीत. मामा थोडा वेळ वर बघत उभा राहिला, अगदी मान उंचावून. मग घड्याळ बघितलं. ग्रँट रोडहून दादर, दादरहून डोंबिवली. उशीर केला तर बसायला जागा मिळाली नसती.

"त्यांचं नावही कधी कळलं नाही बघ," जिना चढताना तो म्हणाला. "विचारणार कोणाला?"